एका प्रोसेसरवर चालतं, दुसऱ्यावर कोसळतं

सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केला (म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत उतरवला) की कोसळतो, आणि पहिला संशय नव्या प्रोसेसरवर जातो. बहुतेक वेळा हा अन्याय असतो. चूक कोडमध्ये पहिल्यापासूनच असते. जुन्या यंत्राने ती पोटात घातलेली असते.

१९७०च्या दशकात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पीडीपी-११ या संगणकावरून इतर यंत्रांवर न्यायला सुरुवात झाली, तेव्हा हे प्रथम ठळकपणे जाणवलं. बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे, मोठ्या किमतीचा आधी की लहान किमतीचा, यावर यंत्रांचं एकमत नव्हतं. यू-एन-आय-एक्स ही अक्षरं एन-यू-एक्स-आय अशी उमटू शकत. १ एप्रिल १९८० च्या टिपणात डॅनी कोहेन यांनी या दोन पद्धतींना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हटलं, तीच नावं पुढे रुळली. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो, म्हणून मी त्याला सौम्य मानतो.

व्हॅक्स या संगणकाने लावलेली सवय जास्त खोल होती. बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत व्हॅक्सवर शून्य पत्त्यावरची मेमरी वाचता यायची आणि तिथे शून्यच सापडायचं. रिकामा पॉइंटर (कुठेच न नेणारा मेमरीचा पत्ता) वापरणारे प्रोग्राम त्यामुळे बिनबोभाट चालत. तेच प्रोग्राम सन कंपनीच्या यंत्रांवर नेले की पहिल्याच झटक्यात बंद पडत. ‘सगळं जग म्हणजे व्हॅक्स’ हा समज सोडा, असं सी भाषेतल्या जाणकारांना बजावून सांगावं लागलं. १९९२ मध्ये ६४ बिटांचा अल्फा प्रोसेसर आला, तेव्हा पॉइंटर ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) कोंबणाऱ्या कोडचीही तीच गत झाली.

सी भाषेतल्या ‘कॅर’ची, म्हणजे एक अक्षर ठेवणाऱ्या प्रकाराची, गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. पीडीपी-११ मध्ये बाइट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीत) आणताना त्याचं अधिक-उणे चिन्हही पसरत जाई, म्हणून तिथे कॅर ऋण होऊ शकत असे. सुरुवातीच्या आर्म प्रोसेसरांत अशी सूचनाच नव्हती, म्हणून तिथे तो ऋण नसलेलाच ठरला. भाषेच्या मानकाने दोन्हींना मुभा दिली. आता फाइल संपल्याची खूण असते उणे एक. ती आर्मवर कॅरमध्ये ठेवली की २५५ होते, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हा घोळ २०२३ मध्ये, ६.२ आवृत्तीत, मिटवला: सगळ्याच आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या जातींवर) कॅर ऋण नसलेला धरायचा.

एकाच प्रोसेसरमध्ये अनेक कोर (एकाच वेळी काम करणारे भाग) आले आणि बग पकडणं खरोखर अवघड झालं. एक थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा धागा) आधी माहिती लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण करतो. एक्स८६ वर (इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरांवर) इतर कोरना ही लिखाणं त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर मात्र खूण आधी पोहोचू शकते, आणि वाचणाऱ्याच्या हाती शिळी माहिती लागते. तीही क्वचित, लाखो फेऱ्यांत एखाद्या वेळी. डीबगर (चुका शोधायचं साधन) लावला की वेळेचं गणित बदलतं आणि बग दडी मारतो. हा क्रम स्पष्टपणे मागण्याची प्रमाणित सोय सी आणि सी++ मध्ये २०११ ला आली. तोवर अफाट कोड एक्स८६ च्या भरवशावर लिहून झाला होता.

अॅपलने २०२० मध्ये आर्मवर आधारलेली एम१ चिप आणली, तेव्हा हा भरवसा हिशेबात धरला होता. रोझेटा २ या अनुवादकातून एक्स८६ साठीचे जुने प्रोग्राम चालताना एक्स८६ सारखाच क्रम पाळण्याची सोय थेट चिपमध्ये केली गेली. त्याच चिपसाठी नव्याने कंपाइल केलेल्या प्रोग्रामला मात्र ते कवच मिळत नाही.