डीसी मोटर तापते कशाने? एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

साखर कारखान्याचा हंगाम भरात असताना मिलची डीसी मोटर तापली, की एक जण पेडेस्टल फॅन ओढत आणतो, दुसरा पॅनेलवरचा अँपिअर मीटर बघतो आणि तिसरा, बहुधा निवृत्तीला आलेला, टॉर्च घेऊन कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याच्या बारांचं नळकांडं, ज्याला ब्रश घासून वीज देतात) झाकणाशी वाकतो. तांब्यावर चॉकलेटी रंगाचा सारखा थर दिसला तर ‘इकडं काही नाही’ म्हणून तो उठतो. ठराविक अंतरावर जळके, काळे पडलेले बार दिसले तर मात्र उठत नाही. मी या कामात नवा होतो तेव्हा मला ही जादू वाटायची. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की यातली प्रत्येक खूण कुणीतरी कधीतरी मोटर जाळून शिकलेली आहे. बिघाड शोधायची आपली चेकलिस्ट म्हणजे या मोटरचा इतिहासच, फक्त त्यात सालं घातलेली नसतात.

फॅरेडेनं १८२१ मध्ये पाऱ्याच्या भांड्यात तार फिरवून दाखवली. याकोबीनं १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवली. तेव्हा तापण्याची तक्रार कुणी करत नव्हतं, कारण मोटर तापायच्या आधी बॅटरी बसायची. खरी सुरुवात झाली १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात. ग्राम नावाच्या संशोधकाचा डायनॅमो, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, दुसऱ्या डायनॅमोला जोडला तर तोच मोटर म्हणून फिरतो, हे तिथं लोकांनी पाहिलं. मोटरला आता हवी तितकी वीज मिळणार होती, आणि तिच्या पाठोपाठ ठिणगीही आली.

ठिणगीचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, प्रत्येक कॉइल ब्रशखालून जाताना तिच्यातला प्रवाह उलटतो, आणि तेवढ्या क्षणापुरती ती कॉइल ब्रशनं शॉर्ट केलेली असते. ती ज्या जागी असते तिथं चुंबकीय क्षेत्र शून्य असेल तर काम शांतपणे होतं. पण लोड वाढला की आर्मेचरचं स्वतःचं क्षेत्र मुख्य क्षेत्राला वाकवतं आणि ती शून्याची जागा सरकते. मग कॉइलमधला प्रवाह वेळेत उलटत नाही आणि ब्रश बार सोडताना ठिणगी टाकतो. १८८० च्या दशकातल्या वीजघरांत यावर उपाय काय होता, तर लोड बदलला की एक माणूस हातानं ब्रशचा रॉकर, म्हणजे ब्रश धरणारी कडी, पुढेमागे सरकवायचा. आजही रॉकरवर त्या शून्याच्या जागेची, म्हणजे न्यूट्रलची, खूण छिन्नीनं मारलेली असते. ओव्हरहॉलनंतर ती चुकली तर मोटर एका दिशेला गुपचूप चालते आणि दुसऱ्या दिशेला आतषबाजी करते.

फ्रँक स्प्रेगनं १८८६ मध्ये ब्रश न हलवता चालणारी मोटर आणली आणि १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला तिच्यावर ट्राम धावू लागल्या. तोवर ब्रश धातूचेच असायचे, तांब्याच्या जाळीचे किंवा पितळेचे. ते कम्युटेटर खरवडून काढायचे आणि स्वतःही झिजायचे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या व्हॅन डेपूलनं त्याच १८८८ च्या सुमारास ट्रामच्या मोटरला कार्बनचे ब्रश लावले. इंग्लंडमध्ये जॉर्ज फोर्ब्सनं त्याआधीच १८८५ मध्ये कार्बनची कल्पना मांडली होती. ऐकायला हे उलटं वाटतं. तांब्यापेक्षा कितीतरी जास्त रोध असलेला पदार्थ प्रवाह न्यायला कशाला? पण त्या रोधामुळेच शॉर्ट झालेल्या कॉइलमधला फिरता प्रवाह आवरला जातो आणि ठिणगी मरते. बदल्यात ब्रशपाशी थोडी जास्त उष्णता सोसायची. या मोटरच्या बहुतेक सुधारणा अशाच आहेत. एका जागचं दुखणं उचलून जरा सोसण्यासारख्या जागी ठेवायचं.

म्हणून ‘कार्बन तर सगळे सारखेच’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एका कारखान्यात स्टोअरनं निम्मे ब्रश एका ग्रेडचे आणि निम्मे दुसऱ्या ग्रेडचे दिले होते. माप तंतोतंत, होल्डरमध्ये चपखल बसले. कमी रोधाच्या ब्रशांनी जास्त करंट ओढला, त्यांच्या पिगटेल (ब्रशला जोडलेल्या तारा) निळ्या पडल्या आणि उरलेले ब्रश फुकट फिरत राहिले. एकूण अँपिअर मात्र रोजच्याइतकेच होते, त्यामुळे मीटर बघणाऱ्याला काहीच कळलं नाही.

ब्रश हलवायची गरज पुढे इंटरपोलनं कायमची मिटवली. दोन मुख्य पोलांमध्ये एक बारीक पोल, त्याची वाइंडिंग आर्मेचरशी सिरीजमध्ये. लोड वाढला की त्याचाही जोर वाढतो आणि न्यूट्रल जागेवर राहतं. कल्पना १८८० च्या दशकातली असली तरी सर्रास वापर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. आणि सोबत एक नवा बिघाड आला, जो रिवाइंडिंगवाल्यांना पक्का ठाऊक आहे. इंटरपोलची जोडणी उलटी झाली तर मोटर बिनलोड झकास चालते आणि लोड घेतला की कम्युटेटरभोवती आगीचं कडं धरते. नियम साधा आहे. मोटरमध्ये फिरण्याच्या दिशेनं पाहिलं तर इंटरपोल त्याच्या मागच्या मुख्य पोलाच्याच जातीचा हवा, जनरेटरमध्ये पुढच्या. होकायंत्र धरून तपासायला पाच मिनिटं लागतात. आणि तेवढी पाच मिनिटं कुणापाशी नसतात.

आता प्रत्यक्ष तापण्याकडे येतो. सुरुवातीची इन्सुलेशन म्हणजे सूत, रेशीम, कागद आणि लाख. मोटर ‘किती तापली तर चालेल’ हा प्रश्न मुळात ‘सूत कधी करपतं’ असा होता. स्टाइनमेट्झ आणि लॅम या दोघांनी १९१३ मध्ये इन्सुलेशनला तापमानाच्या मर्यादेनुसार गट पाडायची मांडणी केली. त्यातूनच आजचे क्लास आले: ए म्हणजे १०५ अंश, बी १३०, एफ १५५, एच १८०. १९३० मध्ये माँटसिंगरनं ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवरून तो प्रसिद्ध ठोकताळा दिला, की साधारण ८ ते १० अंश जास्त तापवलं की आयुष्य निम्मं. दुसऱ्या महायुद्धात सिलिकोन आलं आणि एच क्लास हाताशी आला. पण त्यातून एक गैरसमजही रुजला. नेमप्लेटवर ‘क्लास एच’ दिसलं की लोक मोटर खुशाल १८० पर्यंत तापवतात. तो आकडा वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागेचा आहे. बाहेर फ्रेमला हात लावून त्यातलं काही समजत नाही. शिवाय त्या तापमानाला बेअरिंगचं ग्रीस आधी वाहून जातं.

अभ्रकाची गोष्ट आपल्या जवळची आहे. कम्युटेटरच्या दोन बारांमध्ये अभ्रकाची पातळ पट्टी असते, आणि अभ्रकाच्या पत्र्यांचा जगातला फार मोठा पुरवठा तेव्हा कोडरमा-हजारीबागच्या पट्ट्यातून होत असे. उष्णता आणि दाब दोन्ही सोसणारं दुसरं काही नव्हतं. खोट एकच. तांबं झिजतं तितक्या लवकर अभ्रक झिजत नाही. मग पट्ट्या तांब्याच्या वर डोकावतात, ब्रश उड्या मारतो आणि जळतो. त्यावर उपाय म्हणजे बारांच्या मधलं अभ्रक साधारण मिलिमीटरभर खाली कोरायचं, म्हणजे अंडरकटिंग. लेथवर कम्युटेटर टर्न करून आणलेली मोटर अंडरकट न करता चढवली, तर तिची रवानगी परत लेथवर ठरलेली.

तापण्याचं पुढचं मोठं कारण १८९१ मध्ये जन्मलं, आणि तेही एका फार चांगल्या शोधातून. हॅरी वॉर्ड लिओनार्डनं मोटरला स्वतंत्र जनरेटर देऊन आर्मेचरचा व्होल्टेज कमीजास्त करत वेग हवा तसा बदलायची पद्धत आणली. लिफ्ट, खाणीतले होइस्ट, रोलिंग मिल सगळीकडे ती पसरली. आता मोटर पूर्ण टॉर्कवर मुंगीच्या चालीनं फिरू शकत होती. पण शाफ्टवरचा पंखाही मुंगीच्याच चालीनं फिरणार. उष्णता पूर्ण आणि हवा नाममात्र. म्हणून मोठ्या डीसी मोटरच्या डोक्यावर वेगळा ब्लोअर बसला. साखर कारखान्यात त्या ब्लोअरचा फिल्टर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भुशानं दोन शिफ्टमध्ये गोधडीसारखा होतो. तापलेल्या मोटरच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या मी फिल्टर झटकून मिटवल्या आहेत. एकदा फिल्टरही स्वच्छ होता. ब्लोअरच्या थ्री-फेज मोटरचे दोन फेज अदलाबदल झाले होते आणि तो बिचारा उलटा फिरत होता. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी थोडी हवा देतोच, त्यामुळे हात लावून बघणाऱ्यानं ‘हवा येतेय’ असं सांगितलं होतं.

नेमप्लेटवरचं ड्यूटी रेटिंगही ट्राम-रेल्वेच्या काळापासून चालत आलेलं आहे. गाडीची मोटर चढावर तापते, उतारावर निवते, थांब्यावर उसंत घेते, म्हणून तिला ‘एक तासाचं रेटिंग’ द्यायची पद्धत पडली. मुंबईत ट्राम १९०७ मध्ये विजेवर आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गानं पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरीकडचे दोन्ही घाट विजेखाली आले. घाटात मोटर तिच्या मर्यादेवर किती मिनिटं राहणार, हा हिशेब तिथं वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा होता. कारखान्यात हा हिशेब लोक सहज विसरतात. क्रेनवरची जुनी मोटर काढून कन्व्हेयरला लावलेली मी पाहिली आहे. एचपी तेवढंच, आरपीएम तेवढंच. पण प्लेटवर एस-३, ४० टक्के लिहिलेलं, म्हणजे दहा मिनिटांत चार मिनिटं चालायचं आणि सहा मिनिटं थंड व्हायचं. कन्व्हेयर चोवीस तासांचा. चौथ्या दिवशी वार्निशचा वास आला.

१९५७-५८ मध्ये थायरिस्टर (एसीचा हवा तेवढा डीसी करून देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आला आणि पुढच्या दोन दशकांत वॉर्ड लिओनार्डचे घरघरणारे सेट भंगारात निघाले. पॅनेलमध्ये एक ड्राइव्ह, संपलं काम. पण जनरेटरचा डीसी गुळगुळीत होता, थायरिस्टरचा डीसी लाटांचा असतो. टॉर्क मिळतो सरासरी करंटवर, आणि उष्णता होते आरएमएस करंटच्या वर्गावर. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे फॉर्म फॅक्टर. तो १ च्या जवळ असेल तर ठीक, १.४ झाला तर तेवढ्याच टॉर्कला आर्मेचरमधली उष्णता जवळपास दुप्पट. थ्री-फेज ब्रिजमध्ये एक फ्यूज उडाला किंवा एका थायरिस्टरची गेट पल्स बंद पडली, की नेमकं हेच होतं. ड्राइव्ह सांभाळून घेतं, मिल चालू राहते, पॅनेलवरचा साधा मीटर सरासरी दाखवून ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि आर्मेचर आतून भाजत असतं. अशा वेळी ऑसिलोस्कोप लावावा. तो नसेल तर कान लावावा: सहा पल्सच्या ३०० हर्ट्झच्या बारीक गुंजनाऐवजी खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते.

फील्डकडेही, म्हणजे मुख्य चुंबकीय क्षेत्राच्या वाइंडिंगकडेही, याच वेळी बघावं. फील्ड कमजोर पडलं तर तेवढ्याच टॉर्कसाठी आर्मेचरला जास्त करंट ओढावा लागतो. म्हणजे तापतं आर्मेचर, आणि दोष असतो दुसरीकडेच. फील्ड पूर्ण गेलं आणि संरक्षण नसेल तर बिनलोड मोटर सुसाट सुटते, हे पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. उलट मोटर बंद, ब्लोअर बंद आणि फील्ड मात्र रात्रभर चालू राहून तापत राहतं, हा प्रकार पुस्तकात नसतो आणि कारखान्यात नेहमीचा असतो.

कम्युटेटरवरच्या त्या चॉकलेटी थराचं रहस्य उलगडलं ते विमानांमुळे. १९४० च्या दशकात लढाऊ विमानं खूप उंच जाऊ लागली आणि त्यांच्या जनरेटरचे ब्रश काही तासांत भुगा होऊन पडू लागले. शोध घेतल्यावर कळलं, की ग्रॅफाइट स्वतःहून गुळगुळीत नसतं, त्याला हवेतली वाफ लागते. उंचावरची कोरडी हवा त्याला सोसत नव्हती. तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि ओलावा मिळून तो थर बनतो, आणि टिकायला त्याला पुरेसा करंटही लागतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी मोटर घेऊन हलक्या लोडवर चालवली तर कम्युटेटरवर बारीक रेघा उमटतात, ज्याला आम्ही थ्रेडिंग म्हणतो. मालकाला हे पटवणं फार अवघड जातं. कमी लोडवर मोटर खराब कशी होईल? तर होते. अशा वेळी काही ब्रश चक्क काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांवरची करंट डेन्सिटी वाढते. आणि बंदिस्त मोटरच्या झाकणाला सिलिकोन सीलंट लावू नये. त्याची वाफ ब्रश भराभर खाते.

मेगर हे नाव १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलं गेलं. हँडल फिरवून इन्सुलेशन मोजायचं ते यंत्र आता बटणाचं झालं, पण डीसी मोटरच्या बाबतीत ते वारंवार फसवतं. कार्बनची धूळ कम्युटेटरचे बार धरणाऱ्या व्ही-रिंगवर आणि ब्रशच्या दांड्यांवर बसते आणि रीडिंग शून्याकडे जातं. वाइंडिंग निरोगी असते. व्हॅक्यूम क्लीनरनं धूळ ओढून, पुसून, गरम हवेनं सुकवून परत मोजल्याशिवाय मोटर रिवाइंडिंगला पाठवू नये. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, ती धूळ आणखी आत ढकलते. आणि मेगर करण्याआधी ड्राइव्हच्या केबल सोडवाव्यात, नाहीतर मोटर वाचते आणि थायरिस्टर जातात.

मुंबईत एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. नव्या साखर कारखान्यांत मिलवर एसी मोटर आणि व्हीएफडी (तिचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असतात, तिथं ना ब्रश ना कम्युटेटर. जुन्या मोटर मात्र अजून फिरताहेत, कारण बदलायला पाया फोडावा लागतो. आमच्याकडे एक जादा आर्मेचर स्टोअरच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर आहे. कम्युटेटरला मेणकागद गुंडाळलेला, शाफ्टला ग्रीस फासलेलं. दर तीन महिन्यांनी दोन माणसं जाऊन ते अर्धा फेरा फिरवून ठेवतात, शाफ्ट वाकू नये म्हणून, आणि भिंतीवरच्या कार्डावर तारीख लिहून येतात.