कूटसंकेत आणि शब्दखेळांची डिजिटल शोककला

युद्ध, संहार किंवा घरातलाच एखादा मृत्यू असा विषय उघड न मांडता तो संगणकीय संकेतांत, फाइलच्या पोटात किंवा शब्दांच्या मोडतोडीत दडवून ठेवणारा संकल्पनाकलेचा एक प्रवाह. त्याला सर्वमान्य नाव नाही. नेट आर्ट, सॉफ्टवेअर आर्ट, कोड पोएट्री अशा निरनिराळ्या सदरांखाली या कृती विखुरलेल्या सापडतात. पडद्यावर दिसते ते अपुरे असते, उरलेले पाहणाऱ्याने शोधायचे असते, एवढे मात्र साऱ्यांत समान असते.

सॉल लुइट या अमेरिकी कलावंताने १९६७ मध्ये लिहिले होते की कल्पना हेच कला घडवणारे यंत्र बनते. संगणक आल्यावर हे विधान जवळजवळ शब्दशः खरे झाले. प्रोग्राम ही लिहून ठेवलेली कल्पनाच असते, आणि ती चालतेही. शिवाय कोडला दोन वाचक असतात. चलाला, म्हणजे आकडा किंवा मजकूर साठवणाऱ्या जागेला, काय नाव दिले आहे किंवा कोडमधल्या टिपणीत काय लिहिले आहे, याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते, माणसाला असते. शब्दखेळाला जागा मिळते ती या फटीत.

दडवण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत प्रचलित रीत चित्रातली. साध्या रंगीत डिजिटल चित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या छटेला ० ते २५५ मधला एकेक आकडा असतो. २०० चे २०१ केले तर डोळ्याला फरक कळत नाही, पण त्या आकड्याच्या शेवटच्या बिटमध्ये, म्हणजे ० किंवा १ असलेल्या शेवटच्या द्विमान अंकात, संदेशाचा एक कण बसतो. असे लाखो बिंदू वापरले की एका छायाचित्रात नावांची लांबलचक यादी मावते. ही यादी नाजूक मात्र असते. चित्र जेपेग या आकार घटवणाऱ्या फाइल-प्रकारात दाबून साठवले की शेवटचे बिट विस्कटतात आणि नावे पुसली जातात; चित्र तसेच दिसत राहते.

या प्रवाहातले बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण ‘जोडी’ (JODI) या नावाने काम करणाऱ्या कलावंत युगुलाचे आहे. जोन हेम्सकर्क आणि डर्क पेस्मन्स यांनी १९९५ मध्ये केलेले हे वेबपान उघडले की काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या चिन्हांचा अर्थहीन खच दिसतो. पान बिघडले आहे असेच वाटते. त्याचा सोर्स कोड, म्हणजे पानामागचा मूळ लिखित मजकूर, उघडला की तेच ठिपके, रेघा आणि कंस ओळीने उभे राहतात आणि त्यांतून अणुबॉम्बची आकृती तयार होते. यात गुप्तलिपी वगैरे काही नाही. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत मजकूर लिहिला तसाच दाखवणारा ‘प्री’ हा टॅग नसेल तर ब्राउझर जादा मोकळ्या जागा आणि ओळींचे तुटणे मोजत नाही, सारे एका प्रवाहात ओततो. ब्राउझरच्या या सवयीनेच बॉम्ब लपवला आहे. इतक्या कमी साधनांत इतके भयाण काही क्वचितच साधले गेले असेल.

शब्दखेळाच्या बाजूला ऑस्ट्रेलियाच्या मेझ ब्रीझ यांनी १९९० च्या दशकात घडवलेली ‘मेझँगेल’ ही लेखनरीत महत्त्वाची आहे. शब्दाच्या मधोमध कंस, टिंबे आणि कोडची चिन्हे घालून एकाच शब्दातून दोन-तीन वाचने काढायची, ही तिची तऱ्हा. मराठीत तिची कल्पना यावी म्हणून ‘(स्)मरण’ असे लिहून पाहता येईल. श्लेष इथे विनोदासाठी नसतो. एका अर्थाखाली दुसरा दबून आहे हे दाखवण्यासाठी असतो. ग्रॅहम हार्वुड या ब्रिटिश कलावंताने विल्यम ब्लेकची ‘लंडन’ ही कविता पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत उतरवली. १७९२ पासून छळाने आणि शोषणाने मेलेल्या लंडनच्या मुलांच्या किंकाळ्यांसाठी फुप्फुसांची एकूण क्षमता किती, याचा हिशेब तो प्रोग्राम मांडतो. भाषा अगदी कारकुनी, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

जोसेफ डेलॅप या अमेरिकी कलावंताने लपवण्याची जागा म्हणून चक्क एक खेळ निवडला. अमेरिकी लष्कराने भरतीच्या प्रचारासाठी २००२ मध्ये फुकट उपलब्ध केलेल्या व्हिडिओ गेममध्ये ते २००६ पासून ‘डेड इन इराक’ या नावाने शिरत, बंदूक टाकून देत आणि इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे गप्पांच्या चौकटीत टंकत राहत. गोळी लागून पात्र पडले तरी टंकणे चालूच. २०११ मध्ये यादी संपली तेव्हा ४,४८४ नावे लिहून झाली होती.

१९९२ च्या ‘अग्रिपा’ या कृतीत कादंबरीकार विल्यम गिब्सन यांची, वडिलांच्या जुन्या अल्बमभोवती रचलेली कविता फ्लॉपीवर होती. एकदा पडद्यावरून सरकून गेली की ती स्वतःलाच कूटबद्ध करून वाचण्याजोगी उरत नसे. सोबतच्या पुस्तकाच्या पानांवर डीएनएची अक्षरमाला छापलेली होती. नष्ट होण्यासाठीच जन्मलेली ही कविता त्याच वर्षी फुटून इंटरनेटवर पसरली आणि आजही सहज वाचता येते. इराणी वंशाच्या मोरेहशीन अल्लाह्यारी यांनी २०१५-१६ मध्ये नेमका उलटा मार्ग घेतला. इसिसने फोडलेल्या हत्रा आणि निनवे येथील शिल्पांच्या त्रिमितीय मुद्रित प्रतिकृतींच्या आत त्यांनी मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह बंद करून ठेवले. त्यांत त्या शिल्पांविषयीची छायाचित्रे, नकाशे आणि कागदपत्रे आहेत.

सार्वजनिक स्मारकांतही ही विचारपद्धती शिरली आहे. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारकावरील २,९८३ नावे अक्षरक्रमाने नाहीत. कुणाचे नाव कुणाशेजारी असावे याविषयी नातेवाइकांनी केलेल्या सुमारे १,२०० विनंत्या जुळवण्यासाठी जेर थॉर्प यांनी अल्गोरिदम तयार केला. कांस्यावर त्याची खूण नाही. दोन शेजारी नावांमधले नाते ज्याचे त्यालाच कळते.

या कलेवरचा मुख्य आक्षेप रास्त आहे. कोडे घातले की लोक ते सोडवायला बसतात, आणि सुटल्याच्या आनंदात मृत बाजूला पडतात. ‘अग्रिपा’चे कूट उलगडण्यासाठी २०१२ मध्ये खुली स्पर्धा झाली, तिचा विषय सांकेतिक गणित होता, वडील नव्हे. शेजारी लावलेली माहितीपट्टी वाचल्याशिवाय काहीच हाती लागत नाही, हीदेखील नेहमीची तक्रार. दुबळ्या कृतींना ती अचूक लागू पडते. तिथे संकेत काढून घेतला तर मागे काही उरत नाही. डेलॅपच्या यादीला मात्र किल्ली लागतच नाही.

जतनाचा प्रश्न याहून बिकट आहे. वेबवर ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, एका खिडकीत अनेक पाने दाखवणारी फ्रेमची मांडणी एचटीएमएलच्या चालू मानकातून गेली, आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सोर्स कोड पाहण्याची सोय सहसा हाताशी नसते. न्यूयॉर्कची रायझोम ही संस्था जुने ब्राउझर आणि जुन्या संगणकप्रणाली आभासी रूपात चालवून अशा कृती पाहता येतील अशी व्यवस्था करते.