पॉकेटची खोली आणि अटॅचमेंटचा ऱ्हास: प्रोबचे दोन आकडे

डेंटल हायजिनच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रोब, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक मापसळई, आला की पहिल्या आठवड्यापासून तक्त्यात आकडे भरले जातात. मात्र त्यांतला कोणता आकडा कोठून मोजला आहे, हे पुष्कळदा शेवटच्या परीक्षेपर्यंत धूसरच राहते. पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट; तिची खोली म्हणजे हिरडीच्या कडेपासून पॉकेटच्या तळापर्यंतचे अंतर. अटॅचमेंट म्हणजे दाताला असलेली भोवतालच्या ऊतींची पकड; तिचा ऱ्हास म्हणजे दाताचे इनॅमल जेथे संपते आणि मुळावरचे सिमेंटम जेथे सुरू होते, त्या रेषेपासून, म्हणजे सीईजेपासून, त्याच तळापर्यंतचे अंतर. तळ दोन्हींचा एकच असला तरी हिरडीची कड सुजेने वर चढते आणि आजाराने किंवा उपचारानंतर खाली उतरते, तर सीईजे जागचा हलत नाही. सारा घोळ एवढ्यातूनच होतो.

दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहू. पहिला रुग्ण फिट्सच्या आजारासाठी फेनिटॉइन घेतो आणि त्या औषधाने त्याची हिरडी वाढली आहे. खालच्या दाढेपाशी प्रोब ६ मिमी आत जातो, पण हिरडीची कड सीईजेच्या ४ मिमी वर आहे. म्हणून ऱ्हास ६ वजा ४, म्हणजे २ मिमीच आहे. दुसरा रुग्ण वर्षानुवर्षे खालच्या ओठात तंबाखूचा बार भरतो. त्याच्या समोरच्या खालच्या दाताजवळ प्रोब जेमतेम २ मिमी जातो, पण हिरडी सीईजेच्या ५ मिमी खाली उतरली आहे. येथे बेरीज करावी लागते आणि ऱ्हास ७ मिमी निघतो. केवळ खोलीचा रकाना वाचणारा विद्यार्थी पहिल्याला गंभीर आणि दुसऱ्याला निरोगी ठरवील, कारण १ ते ३ मिमी खोली निरोगी मानली जाते. हिरडी किती उतरली हा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा ठेवण्याची सवय मला म्हणूनच घातक वाटते.

शिकागो येथे २०१७ मध्ये झालेल्या जागतिक कार्यशाळेतून पुढे आलेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्गीकरण पेरिओडाँटायटिसचे (दाताच्या आधार-ऊती झिजवणाऱ्या हिरड्यांच्या आजाराचे) टप्पे मुख्यतः अटॅचमेंटच्या ऱ्हासावरूनच ठरवते: १ ते २ मिमी असल्यास पहिला, ३ ते ४ मिमी असल्यास दुसरा, आणि ५ मिमी किंवा अधिक असल्यास तिसरा किंवा चौथा टप्पा. त्यासाठी दोन दातांमधल्या बाजूचा सर्वांत जास्त आकडा धरतात. जोरात ब्रश घासल्यामुळे गालाकडच्या बाजूला उतरलेल्या हिरडीवरून टप्पा ठरत नाही.

याचा अर्थ खोली दुय्यम आहे असा मुळीच नाही. प्लाक कोठे दडून राहतो आणि क्युरेट (मूळ खरवडण्याचे अवजार) कितपत आत न्यावा लागेल, हे तीच सांगते. फक्त ती हाताच्या दाबाप्रमाणे आणि हिरडीच्या अवस्थेप्रमाणे बदलते. सुजलेल्या ऊतींत प्रोबचे टोक तळ ओलांडून आत घुसते, तर मुळावरच्या कडक कीटणाला टेकले की ते आधीच थांबते आणि खोली कमी भासते. म्हणून सुमारे २० ते २५ ग्रॅमचा दाब ठेवून, प्रोब दाताच्या लांबीला समांतर धरून, टोक पॉकेटमधून बाहेर न काढता १–२ मिमीच्या पावलांनी पुढे न्यावे आणि प्रत्येक दाताच्या सहा जागी आकडा घ्यावा. दोन दातांमध्ये मात्र प्रोब किंचित तिरपा करून संपर्कबिंदूच्या खाली पोहोचावे लागते. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ मिमीच्या खुणा नसतात, हे ठाऊक नसलेला विद्यार्थी खुणा मोजत जातो आणि ५ ला ४ वाचतो.

खरी कसोटी सीईजे सापडण्याची असते. हिरडी उतरलेली असेल तर ती रेषा डोळ्यांनी दिसते; हिरडीखाली असेल तर प्रोबचे टोक दाताशी सुमारे ४५ अंशांत धरून हलकेच खाली सरकवावे, म्हणजे गुळगुळीत इनॅमल संपून किंचित खरखरीत मूळ सुरू होताना बोटांना बारीकसा उंचवटा जाणवतो. कॅप किंवा फिलिंगने ती रेषा झाकलेली असल्यास अंदाजाने आकडा लिहू नये. त्या कॅपची कड हाच स्थिर बिंदू धरावा, तशी नोंद तक्त्यात करावी, आणि पुढच्या भेटीतही तेथूनच मोजावे.