एका तपानंतर दिसलेली पेशी

दुधाला विरजण लावलं की सकाळपर्यंत दही लागतं. सूक्ष्मजीव म्हटले की असा वेग आपण गृहीतच धरतो. प्रयोगशाळेतला ई. कोलाय तर अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून जपानी संशोधकांच्या एका कामाची हकिगत मला फार मोलाची वाटते. त्यांच्या नळीतल्या जिवाला दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागत होते.

२००६ साली ‘शिंकाई ६५००’ ही पाणबुडी जपानजवळच्या नानकाई गर्तेच्या परिसरात उतरली आणि २,५३३ मीटर खोलीवरून गाळ घेऊन आली. हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी तो स्पंजांनी भरलेल्या एका पात्रात ठेवला. प्राणवायू अजिबात नाही, वरून मिथेन वायू सोडलेला. दोन हजारांहून जास्त दिवस ते पात्र तसंच चालू होतं. मग त्यातला थोडा अंश काचेच्या नळ्यांत, अमिनो आम्लं आणि दुधाची भुकटी घालून वाढवला. इतर जिवाणू माजू नयेत म्हणून प्रतिजैविकंही घातली. एका नळीत साधारण वर्षभराने किंचित गढूळपणा दिसला.

तोवर इकडे, २०१५ मध्ये, नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्या मधल्या समुद्रतळावरच्या गाळात नुसत्या डीएनएवरून ‘लोकी’ नावाच्या आर्कियांचा पत्ता लागला होता. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे, केंद्रक नसलेले, पण वेगळ्याच कुळातले एकपेशीय जीव. लोकीच्या जनुकांत ॲक्टिनसारख्या प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या होत्या. ॲक्टिन आपल्या स्नायूंत असतं. पेशीला आकार देतं, तिला हलवतं. केंद्रक नसलेल्या जिवाकडे ही सामग्री कशाला? जीव हाती नसताना उत्तर मिळणार कसं? जपानी नळीतला जीव याच गोतावळ्यातला निघाला. २०२० मध्ये, म्हणजे एक तप उलटून गेल्यावर, तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते अनपेक्षित होतं. जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा गोळा, आत कप्पे नाहीत, केंद्रक नाही. पण अंगातून लांब, फांद्या फुटलेले हात बाहेर आलेले. आणि हा एकटा राहत नाही. अमिनो आम्लं खाऊन तो हायड्रोजन सोडतो आणि शेजारचा मिथेन बनवणारा जीव तो हायड्रोजन वापरून टाकतो. हायड्रोजन साचला तर याचंच जगणं अडतं. शेजारी उचलतो म्हणून याचं चालतं.

आपल्या पेशींतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, हे एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू होते, असं जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ठामपणे मांडलं. आज ते सर्वमान्य आहे. ते ज्या पेशीत शिरले ती लोकीसारख्याच एखाद्या आर्कियाची असावी, असं मानलं जातं. पण ते आत शिरले कसे? एका पेशीने दुसरीला गिळलं, हे चित्र बरीच वर्षं डोळ्यांसमोर होतं. इमाचींच्या गटाने वेगळी शक्यता मांडली: आधी शेजार, मग हातांचा विळखा, आणि कालांतराने सोबती पुरता आत. मला ही कल्पना जास्त पटते, कारण गिळायला लागणारी यंत्रणा या जिवात दिसत नाही. हात मात्र दिसतात.

ते हात उभे कशावर राहतात, हे २०२३ मध्ये कळलं. स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या गाळातून क्रिस्टा श्लेपर यांच्या व्हिएन्नातल्या गटाने लोकीचा आणखी एक भाऊबंद वाढवला, पेशी झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्या हातांच्या आत लांबच लांब धागे दिसले. ते ॲक्टिनचे होते.