लहानपणीच डोळ्यांचं लेझर केलं की चष्म्याचा मोठा नंबर कायमचा जातो?

असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि पोराच्या काळजीपोटी तो पटतोच. पण मोठ्या मायनस नंबरात बहुतेकदा डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो, १ मिमी लांबी वाढली की साधारण अडीच-तीन नंबर वाढतो, आणि वाढत्या वयात ते चालूच राहतं. लेझर फक्त कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) आकार देतं, म्हणजे आज -८ घालवला तरी नंबर परत येऊ शकतो, शिवाय मागचा ताणलेला रेटिना (डोळ्याच्या आतला, प्रतिमा टिपणारा पडदा) तसाच राहतो. घरीच बघा, फाईलमधले चष्म्याचे जुने कागद तारखेप्रमाणे लावा, एसपीएच (SPH, मायनस-प्लस नंबराचा रकाना) खालचा मायनस आकडा दरवर्षी वाढतोय? मग बहुधा डोळा अजून लांबतोय. म्हणून डॉक्टर साधारण १८ नंतर, नंबर वर्षभर स्थिर असेल तरच लेझरचं बघतात. क्वचित, दोन डोळ्यांत खूप फरक असेल आणि चष्मा-लेन्स चालतच नसेल तर मुलांतही करतात, पण ते आळशी डोळ्यासाठी (मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि त्याची नजर कमजोर राहते), चष्मा घालवायला नाही.