इंग्रजी स्थलवाचक शब्दयोगी अव्यये : स्मारकवर्णनातील योजना

प्रसिद्ध वास्तू, किल्ले किंवा पुतळे यांच्या संदर्भात ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ यांपैकी कोणते अव्यय योजावे, हे वास्तूच्या आकारापेक्षा बोलणारा तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो यावर ठरते. (मराठीत ‘शब्दयोगी’ म्हणजे नामाला मागून जोडलेला शब्द, इंग्रजीतील ही अव्यये नामाआधी येतात, तरी संज्ञा तीच रूढ आहे.)

‘ऑन’ व ‘इन’ यांतील आजचा काटेकोर भेद फार जुना नसावा. प्राचीन इंग्रजीत (सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या), विशेषतः वेस्ट सॅक्सन बोलीच्या ग्रंथांत, ‘ऑन’ हेच ‘आत’ या अर्थीही सर्रास आढळते. दोहोंची कामे वेगळी होत गेली ती त्यानंतरच्या, सुमारे पंधराव्या शतकापर्यंतच्या मध्य इंग्रजीच्या काळात, असे सामान्यतः मानले जाते. ‘ॲट’ म्हणजे बिंदू, ‘ऑन’ म्हणजे रेषा वा पृष्ठभाग आणि ‘इन’ म्हणजे क्षेत्र वा घनाकार, ही मिती-आधारित मांडणी क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक या भाषाशास्त्रज्ञांच्या १९८५ च्या इंग्रजी व्याकरणग्रंथात आहे. टायलर व एव्हान्स (२००३) या भाषाशास्त्रज्ञांनी मात्र एका वस्तूने दुसरीला आधार देणे, सामावून घेणे अशा कार्यांवर भर दिला. स्मारकांच्या बाबतीत हीच दृष्टी अधिक उपयोगी पडते. मुमताजची कबर ‘इन द ताजमहाल’ असते, परंतु पर्यटकांची भेट ‘ॲट द ताजमहाल’ ठरते, मग ते फाटकाशी उभे असोत की चौथऱ्यावर. आणि वास्तू स्वतः ‘ऑन द यमुना’, म्हणजे नदीच्या पाण्यावर नव्हे तर काठावर, उभी असते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बेटासाठी ‘ऑन’ घेतो आणि ज्या बंदरात ते बेट आहे त्यासाठी ‘इन’.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील (१९२४) कोरीव लेखात पंचम जॉर्ज व राणी मेरी यांचे आगमन ‘लँडिंग इन इंडिया’ असे नोंदले आहे आणि २ डिसेंबर १९११ या तारखेआधी ‘ऑन’ आहे. तेच उतरणे धक्क्याच्या नावाने सांगायचे तर ‘ॲट अपोलो बंदर’ म्हणावे लागते.

मराठी भाषकाची अडचण बहुधा किल्ल्यांपाशी येते. ‘गड’ या शब्दात डोंगर आणि तटबंदी दोन्ही येत असल्याने आपण ‘रायगडावर’ म्हणतो, आणि त्या ‘वर’चे थेट ‘ऑन’ होते. इंग्रजीत मात्र डोंगर ‘ऑन’ घेतो आणि किल्ला ‘ॲट’ किंवा ‘इन’, त्यामुळे १६७४ चा राज्याभिषेक ‘ॲट रायगड’ झाला असे लिहितात.