गाडी पळेल तेव्हाच चालणारी नळी

जुन्या गाडीला पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या तळातला गॅस पुन्हा इंजिनात ओढून जाळू देणारी झडप, बसवायचा म्हटलं, की ‘कंपनीने दिलं तसंच ठेवा’ असा आग्रह धरणारे कोल्हापुरात पुष्कळ भेटतात. पण कंपनीने जे दिलं होतं, ते कुठल्या रस्त्यासाठी?

पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, आम्ल असतं आणि वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं किंचित खाली गेलं तरी थंड इंजिनात ऑइलचा चिखल व्हायला पुरतं.

१९६०पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत यावर उपाय म्हणजे इंजिनाच्या बगलेतून खाली सोडलेली एक नळी. गाडी पळाली की नळीच्या तोंडाशी वारा ओढ निर्माण करतो, गॅस बाहेर जातो आणि ऑइल भरायच्या झाकणातून ताजी हवा आत येते. म्हणजे गाडी पळायला हवी. दसरा चौकातल्या मिरवणुकीत किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत ही नळी नुसती लोंबकळते, आणि हल्ली विंटेज गाड्या बहुधा अशाच चालीने बाहेर पडतात.

व्हॉल्व्हची सोय मुळात प्रदूषणासाठी झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या लष्करी वाहनांना उघडी नळी परवडणारी नव्हती. आपल्याकडे पुढे घरोघरी परिचयाची झालेली विलीज जीप तेव्हाच इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा-पेट्रोलचं मिश्रण नेणाऱ्या नळीला) जोडलेला व्हॉल्व्ह घेऊन आली होती. नंतर आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध गाड्यांच्या हायड्रोकार्बनशी दाखवला. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून आणि अमेरिकेत इतरत्र १९६३पासून नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह आला. ब्रिटनमध्ये १९६४ला एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या बी-सिरीज इंजिनाला बंदिस्त ब्रीदिंग, म्हणजे गॅस बाहेर न सोडता पुन्हा इंजिनात नेण्याची सोय, मिळालं. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. त्यामुळे तिला व्हॉल्व्ह लावणं परंपरेला सोडून आहे, असं मला वाटत नाही.

व्हॉल्व्हचं काम उलट्या हिशोबाने चालतं. आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ जास्त, गॅस कमी. तेव्हा तो जवळजवळ मिटतो. थ्रॉटल दाबला की ओढ घटते, गॅस वाढतो. तेव्हा तो उघडतो. कार्बोरेटरमधून बॅकफायर झालाच, म्हणजे ज्वाला उलटी आली, तर तो पूर्ण बंद होऊन ज्वाला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. म्हणून व्हॉल्व्हऐवजी नुसता पाइप जोडणं हा धोकादायक आचरटपणा आहे.

अडॅप्टर उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होतो. कस लागतो तो व्हॉल्व्ह इंजिनाच्या आकाराचा निवडण्यात, ऑइलचे थेंब अडवणारी जाळी बसवण्यात, आत येणारी हवा गाळून घेण्यात आणि शेवटी कार्बोरेटरचं मिश्रण पुन्हा जुळवण्यात. शिवाय या इंजिनांना मागच्या बाजूला रबरी सील नसते, नुसती स्क्रोल, म्हणजे ऑइल परत आत ढकलणारी पेचदार खाच, असते. क्रँककेसमधला दाब उतरला की तिथली गळती बरीच आटोक्यात येते. रिंगाच गेल्या असतील तर मात्र व्हॉल्व्ह ऑइल ओढून सायलेन्सरमधून निळा धूर काढेल. तिथे आधी इंजिन उतरवावं लागतं.